तोच नंबर पुन्हा घालू का?

“मॅडम, मला एवढंच सांगा, 275 घालू की 350?” माधवीताई खुर्चीत नीट बसायच्या आधीच म्हणाल्या. (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.) हे आकडे स्तनांच्या इम्प्लांटच्या मापाचे, सीसीमध्ये (एक सीसी म्हणजे एक मिली). इम्प्लांट बदलायला आलेली जवळजवळ प्रत्येक बाई मला पहिला प्रश्न हाच विचारते, म्हणून त्यांची गोष्ट सविस्तर लिहिते आहे.

माधवीताईंचं वय 51. दोन्ही मुलांना अंगावर पाजून झाल्यावर छाती पार उतरली, म्हणून 2004 साली त्यांनी सिलिकॉनचे इम्प्लांट घातले होते. नवरा सोडून घरात कुणालाच माहीत नव्हतं, सख्ख्या बहिणीलाही नाही. गेली दोन वर्षं डावी बाजू घट्ट होत वर ओढली जात होती आणि त्या कुशीवर झोपलं की दुखायचं. इम्प्लांटभोवती शरीर स्वतःचं एक आवरण तयार करतं. कधीकधी ते आवळत जातं, तसं हे झालं होतं. सर्जनने एमआरआय आणि मॅमोग्राफी करून घेतली. इम्प्लांट आतल्या आत फाटलं तरी पुष्कळदा बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून ही तपासणी. फाटलेलं नव्हतं, पण बदलायचं ठरलं. “साइजचा विचार करून या,” असं सांगून त्यांना माझ्याकडे पाठवलं.

पर्समधून त्यांनी एक प्लास्टिकचं पाकीट काढलं. पासपोर्टबरोबर कपाटाच्या लॉकरमध्ये एकोणीस वर्षं जपून ठेवलेलं इम्प्लांट कार्ड त्यात होतं. पिवळं पडलेलं, कोपऱ्यात स्टिकर, त्यावर 275. (तुमच्याकडे कार्ड असेल तर जरूर न्या. नसेल तर जुन्या हॉस्पिटलमधून ऑपरेशनचे कागद मागवा. सर्जनला त्याचा फार उपयोग होतो.) त्या स्टिकरवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “हेच पुन्हा घातलं की मी होते तशी दिसेन ना?”

मी डॉक्टर नाही, तसं मी त्यांना सांगितलंही. पण त्यांच्या या वाक्यातच खरा गुंता होता. आम्ही दोघी सर्जनसमोर बसलो आणि त्यांनी शांतपणे उलगडून सांगितलं. इतक्या वर्षांच्या दाबाने इम्प्लांटवरचा स्वतःचा थर पातळ होतो आणि त्वचा ताणली जाते. दुसरीकडे माधवीताईंचं वजन 11 किलोंनी वाढलं होतं, पाळी गेली होती, म्हणजे छातीची ठेवणच बदललेली. त्यात आवळलेलं आवरण काढलं की आतली जागाही बदलणार. अशा शरीरात तोच नंबर घातला तरी तोच आकार येत नाही. आणि सीसी म्हणजे फक्त आत किती मावतं ते. तेच 275 रुंद आणि बसकं मिळतं, तसंच अरुंद आणि पुढे आलेलंही मिळतं. म्हणून सर्जन आधी छातीची रुंदी आणि वरच्या थराची जाडी मोजतात, नंबर त्यानंतर येतो. ब्राच्या कपावरूनही हिशोब लागत नाही, कारण कंपनीगणिक कप वेगळा.

मग 350 कुठून आलं? एका मैत्रिणीने सांगितलं होतं, “जरा मोठंच घे, सैल त्वचा भरून निघेल.” हा सल्ला मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलाय! ऐकायला पटतो, पण धोक्याचा आहे. पातळ झालेल्या त्वचेवर जास्त वजन टाकलं की ती पुन्हा खाली येते, इम्प्लांटच्या कडा आणि सुरकुत्या हाताला लागू शकतात. एक सीसी सिलिकॉनचं वजन साधारण एक ग्रॅम, म्हणजे 350 चे दोन मिळून 700 ग्रॅम.

तरी नुसतं सांगून पटत नाही, म्हणून मी त्यांना घरी एक गोष्ट करायला सांगितली. मोठं घ्यायचा विचार असेल तर जेवढा फरक आहे तेवढं धान्य मापून, पातळ मोज्यात बांधून, ब्रामध्ये ठेवायचं आणि दिवसभर नेहमीची कामं करायची. तांदूळ टोचतात म्हणून त्यांनी वरई घेतली, दोन्हीकडे 75 मिली. आतून घातलेलं आणि बाहेरून ठेवलेलं सारखं दिसत नाही, त्यामुळे हा अंदाजच. पण पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या, “कणीक मळताना हात मध्ये अडत होता. संध्याकाळी पट्ट्यांचे वळ उठले खांद्यावर. आणि आरशात बघितलं तर ती मी नव्हते हो.”

मग खूप वेळ गप्प बसल्या. हळूच विचारलं, “काढूनच टाकलं तर?”

हा पर्याय बायका सहसा उच्चारत नाहीत, म्हणून कुणी विचारलं नाही तर मीच तो विषय काढते. इम्प्लांट काढून, हवं तर त्वचा वर उचलून घेणं (याला लिफ्ट म्हणतात) हेही तितकंच रीतसर ऑपरेशन आहे. माधवीताईंनी तीन आठवडे विचार केला. भीती कसली होती? वर्षभरात मुलीचं लग्न. लहान दिसले तर बायका विचारतील, “काय गं, उतरलीस?” मी म्हटलं, तुमची साडी, तुमचं ब्लाउज, कुणाच्या लक्षात काय येईल ते तुम्हीच सांगा. बराच वेळ विचार करून त्या म्हणाल्या, “वजन कमी केलं म्हणतील.”

शेवटी ठरलं 200 आणि सोबत लिफ्ट. लिफ्टचे व्रण राहतात, ते कुठे आणि केवढे असतील हे त्यांनी फोटोंत बघून घेतलं. शेवटचा 25 चा फरक सर्जनवर सोडला, कारण ऑपरेशनच्या वेळी साइजर म्हणजे मापाचे तात्पुरते नमुने घालून, टेबल उठवून, बसत्या स्थितीत बघता येतं. पंचवीस सीसी म्हणजे मापाचे दोन मोठे चमचेही नाहीत. त्यासाठी रात्र रात्र जागू नका असं मी प्रत्येकीला सांगते.

सहा महिन्यांनी त्या आल्या तेव्हा नवं कार्ड दाखवलं. मागे पेनाने लिहिलं होतं, 2028: सोनोग्राफी. पाच-सहा वर्षांनी पहिली आणि मग दर दोन-तीन वर्षांनी तपासणी करायची, हे लक्षात राहावं म्हणून. “याचा फोटो मुलीलाही पाठवलाय,” त्या म्हणाल्या. “तिला सगळं सांगितलं. आधी चिडली, इतकी वर्षं का नाही सांगितलंस म्हणून. मग म्हणाली, पुढच्या तपासणीला मी येते.”