घरची अंडी म्हणजे ऑरगॅनिकच ना?

प्रश्न : ताई, आमच्याकडे परसात सहा कोंबड्या आहेत. खाद्य तयार लेअर मॅशचं (अंड्यावरच्या कोंबड्यांचं विकतचं भरड खाद्य), वर भाजीची देठं वगैरे. दिवसभर मोकळ्या असतात, जुन्या घराच्या भिंतीलगत माती उकरत बसतात. बलक तर एवढा केशरी की बघत राहावं! नणंद म्हणते घरचं ते ऑरगॅनिकच, त्यात विचारायचं काय. खरंय का?

उत्तर : नणंदेला दुखवायचं नाहीये, पण नाही. ऑरगॅनिक म्हणजे कुठं पिकलं ते नाही, कसं पिकलं ते. आणि कोंबडीच्या बाबतीत सगळ्यात आधी बघायचं ते खाद्य. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते, त्यात मका आणि सोयाबीनची पेंड बरीच असते, आणि तो मका जर रासायनिक खतावर आणि फवारणीवर वाढलेला असेल तर कोंबडी कितीही मोकळी फिरो, अंडं ऑरगॅनिक होत नाही. ताजं म्हणा, घरचं म्हणा. मला विचाराल तर तेवढं पुरे आहे, शिक्का कशाला हवाय.

बलकाच्या रंगावर तर अजिबात जाऊ नका. हिरवा पाला, पिवळा मका खाल्ला की बलक गडद होतो, बस. खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क घातला की पिंजऱ्यातली कोंबडीपण तस्साच केशरी बलक देते. कवच पांढरं की तपकिरी हे तर नुसतं जातीवर आहे, त्याचा पौष्टिकपणाशी संबंध नाही.

पण तुम्ही सहज लिहून गेलात ना, जुन्या घराच्या भिंतीलगत माती उकरतात, मी तिथंच अडकले. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, रंगाचे पोपडे पडून पडून ते मातीत साठतं, कोंबड्या दाण्याबरोबर ती माती टिपतात आणि शिसं अंड्यात उतरतं. चवीला कळत नाही, दिसायलाही नाही. घरात लहान मुलं असतील तर हे जास्तच मनावर घ्या. माती तपासून घ्या, आणि रिपोर्ट येईपर्यंत त्या बाजूला जाळी मारा, दाणे जमिनीवर न फेकता भांड्यात द्या. रिपोर्ट येईपर्यंत अंडी खाऊ नका, आणि त्यात शिसं जास्त निघालं तर पुढेही खाऊ नका.

आणि हो, कोंबडीला अँटिबायोटिक दिलं तर किती दिवस अंडी खायची नाहीत ते जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. घरचं म्हणून तिथं सूट नाही.

प्रश्न : आमची एक कोंबडी आठवडाभर पेटीतून उठतच नाही. हात घातला की अंग फुगवून टोचते, अंडी तर बंदच. आजारी आहे का? कोंबडा नाहीये आमच्याकडे.

उत्तर : खुडूक झालीय हो, म्हणजे अंडी उबवायला बसलीय, आजारी नाही. कोंबडा नसला तरी कोंबड्या अंडी देतात आणि कोंबडा नसला तरी खुडूक बसतात, फक्त त्या अंड्यातून पिल्लू काही निघत नाही. पिल्लं निघायला २१ दिवस लागतात, पण पिल्लंच निघाली नाहीत तर काही जणी त्याहूनही जास्त बसून राहतात आणि खाणंपिणं कमी करून खंगतात. माझी एक तर अंडी उचलल्यावर चक्क एका गुळगुळीत दगडावर बसली होती आणि दगड काढायला गेले तर मलाच टोचलं बयेनं. खाली जाळी असलेल्या पिंजऱ्यात तीनचार दिवस ठेवा, गवत-पेंढा काही घालू नका, दाणापाणी मात्र भरपूर. पोटाखालून वारं लागलं की ऊब जाते आणि डोक्यातलं खूळही जातं. अंडी परत सुरू व्हायला मात्र दोनचार आठवडे लागू शकतात.

प्रश्न : खुराड्यातली विष्ठा तशीच टोमॅटोच्या मुळाशी टाकली, ऑरगॅनिक खत म्हणून. रोपं करपली!

उत्तर : करपणारच, ताज्या विष्ठेत नायट्रोजन फार, मुळं भाजतात. शिवाय साल्मोनेलासारखे जंतू असतात ते वेगळंच. वाळलेला पाला मिसळून ढीग करा, अधूनमधून वरखाली करा, काही महिन्यांनी वास जाऊन भुसभुशीत मातीसारखं झालं की मग घाला. आत्ता वरची विष्ठा खरवडून काढा आणि एकदोनदा भरपूर पाणी सोडा, नवी पालवी फुटली तर ठीक, नाहीतर उपटून टाका.