'एस्केप करणे' आणि 'शुद्धीकरण'

धुळ्याच्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे की, कोडमधून वेब पान तयार करताना वापरकर्त्याने भरलेला मजकूर 'एस्केप' करतात, त्या क्रियेला मराठीत 'शुद्धीकरण' म्हणावे का. माझ्या मते म्हणू नये, कारण हा शब्द कामाचीच चुकीची कल्पना करून देतो.

शुद्धीकरणात काहीतरी काढून टाकले जाते. एस्केप करताना काहीच काढले जात नाही. &, लेस दॅन (<), ग्रेटर दॅन (>) आणि दोन्ही अवतरणचिन्हे यांना ब्राउझर मार्कअपचा, म्हणजे पानाची रचना सांगणाऱ्या खुणांचा, भाग समजू शकतो, म्हणून त्यांच्या जागी ठरलेले संकेत लिहायचे, की वाचणाऱ्याला मूळ चिन्ह जसेच्या तसे दिसते. 'शुद्ध' करायचे म्हटले की माणूस ते मजकूर साठवतानाच उरकून टाकतो. मग रावेरच्या केळी व्यापाऱ्याचे 'पाटील & सन्स' हे नाव डेटाबेसमध्येच संकेतासह जाते, पावतीवर & च्या मागे ए, एम, पी आणि अर्धविराम छापून येतात, आणि पानावर पुन्हा एस्केप झाले की तिथेही तेच दिसते. मजकूर मूळ रूपात साठवावा आणि पानात घालताना एस्केप करावा.

'सुटका' हा प्रतिशब्दही जमत नाही. 1960 च्या सुमारास अमेरिकी संगणकतज्ज्ञ बॉब बेमर यांनी पुढे आणलेल्या एस्केप या संकेतचिन्हाचा अर्थ 'चालू संकेतपद्धती सोडून पुढचे चिन्ह वेगळ्या अर्थाने घ्या' असा होता, आणि त्यात संकटातून निसटण्याचा भाव नाही.

मराठीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून तपासावी. लेस दॅन चिन्हाला लागून रोमन अक्षर किंवा /, !, ? यांपैकी चिन्ह आले तरच ब्राउझर तिथे टॅगसारखे मार्कअप सुरू झाले असे मानतो. देवनागरी अक्षर आले तर ते चिन्ह साधा मजकूर म्हणून दिसते. त्यामुळे केवळ मराठी नोंदी भरून चाचणी घेतली, तर एस्केप न केलेले पानही ठीक वाटते. मात्र दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये जळगावचे "भरीत" वांगे असे नाव दुहेरी अवतरणातल्या, चौकटीतला मजकूर ठरवणाऱ्या व्हॅल्यू अ‍ॅट्रिब्यूटमध्ये तसेच घातले, की चौकटीत फक्त 'जळगावचे' उरते, कारण पहिल्याच अवतरणचिन्हाने मूल्य संपते. त्याच जागी कोणी स्वतःची स्क्रिप्टही घुसवू शकतो.

शिवाय एस्केप करणे जागेनुसार बदलते. लिंकच्या पत्त्यात 'जावास्क्रिप्ट:' ने सुरू होणारा मजकूर आला, तर ही पाच चिन्हे बदलून तो थांबत नाही. तिथे पत्त्याचा प्रकारच तपासावा लागतो. रिअ‍ॅक्ट आणि जँगोची टेम्प्लेट (ही वेब पाने बनवण्याची तयार साधने) मजकूर आपोआप एस्केप करतात, तरी केवळ त्या एस्केप करण्याने ही तपासणी होत नाही.

म्हणून 'एस्केप करणे' हेच क्रियापद ठेवावे आणि पहिल्या वापरात 'चिन्ह अक्षरशः दिसेल असे लिहिणे' हा खुलासा द्यावा. 'शुद्धीकरण' हा शब्द सॅनिटाइझ करण्यासाठी राखून ठेवावा, कारण वापरकर्त्याला ठळक अक्षरे किंवा लिंक वापरू देऊन धोकादायक टॅग तेवढे गाळायचे असतात, तिथे खरोखरच काही काढून टाकले जाते.