गोळा कुठे पडतो ते बघ

नागपूर
मृगाचा पहिला आठवडा

पोरी,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. "मॅडम, पोलीस भरतीचं चार मार्कांनी गेलं. सोडून देऊ का?" मी जागीच होते, पण मुद्दाम उत्तर दिलं नाही. इतक्या रात्री असं विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, नुसती सोबत हवी असते. सकाळी फोन केला तर तू दुकानात. मागे झेरॉक्स मशीनची घरघर, आणि कोणीतरी "आधार कार्ड दोन्ही बाजूंनी द्या हो ताई" म्हणून राहिलं होतं. तसं धड बोलणं होत नाही. म्हणून हे लिहायला बसले. माझं अक्षर तुला वाचता येतं का ते माहीत नाही, प्रयत्न कर.

सोडायचं की नाही ते पुढे बघू. आधी तू पाठवलेला मार्कांचा फोटो.

मैदानी ५० आणि लेखी १००, असे दीडशे. आठशे मीटरला तुला वीसपैकी सोळा आहेत. शंभर मीटरला पंधरापैकी दहा. आणि गोळ्याला? पंधराचे निम्मेसुद्धा नाहीत. चार मार्क कुठे गेले हे शोधायला ज्योतिषी लागत नाही बाप्पा. ते रेशीमबागच्या मैदानावर, तुझ्या पायापासून पाच मीटरच्या आतच पडलेले आहेत.

तू म्हणतेस, वर्षभर एक दिवस चुकवला नाही. खरं आहे, मी पाहिलं आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला, नवतपात लोक घराबाहेर पाय टाकायला तयार नव्हते, तरी तू पहाटे साडेचारला मैदानावर. तोंडाला ओढणी गुंडाळून पाच-पाच राऊंड. मीच चार लोकांना तुझं कौतुक सांगत फिरले. पण परवा मी विचारलं की या वर्षात गोळा किती वेळा हातात घेतला, तर तू म्हणालीस, "गोळा मैत्रिणीकडे राहिला मॅडम, आणायचा होता." किती दिवस आणायचा होता? दिवाळीपासून.

धावणं तुला आवडतं. धावताना बघणारे वाहवा करतात. गोळा टाकताना तो पायाशी धप्पकन पडतो आणि बाजूची पोरं हसतात. म्हणून तू जे आधीच बरं येत होतं तेच वर्षभर केलंस, आणि त्याला जिद्द हे नाव दिलंस. रागावू नको. मी तुझ्यापेक्षा मोठी लबाडी केलेली आहे.

१९८७ ची गोष्ट. मी एकोणीस वर्षांची, आठशे मीटर माझी रेस. एका स्पर्धेला बाबा पहिल्यांदाच बघायला आले होते. टपाल खात्यातली नोकरी, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेले, सायकल झाडाला टेकवून उभे. मातीचं मैदान, चुन्याच्या रेघा. शिट्टी झाली आणि मी सुटलेच. पहिला राऊंड ६४ सेकंदांत! मागे वीस मीटर कोणी नाही. बाबांच्या समोरून जाताना मी चक्क त्यांच्याकडे बघितलं. दुसऱ्या राऊंडला मांड्या दगड झाल्या. एकेक करून चौघी पुढे गेल्या. घरी जाताना सायकलवर मागे बसले होते, बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "सुरुवात चांगली केलीस." ते वाक्य मला अजून टोचतं. कारण सरावातही मी तेच करत होते. पहिला राऊंड जोरात मारायचा, दुसऱ्यात दम लागला की कमरेवर हात ठेवून थांबायचं आणि म्हणायचं, आज पुष्कळ झालं. दुसरा राऊंड मी कधी शिकलेच नव्हते.

तुझंही बघ. मागच्या रविवारी मी घड्याळ लावलं, पहिला राऊंड १ मिनिट २४ सेकंद, दुसरा १:४२. एकूण ३:०६. तू दमलीस म्हणून नाही, तू वाटणी चुकवलीस म्हणून. पहिला राऊंड तू १:२८ ला आणलास तर मनातल्या मनात म्हणशील की आपण हळू जाऊन राहिलो, बाकीच्या पुढे गेल्या. जाऊ दे त्यांना. आता मंगळवार-शुक्रवार फक्त दोनशे-दोनशे मीटर मारायचे, आठ वेळा, प्रत्येक ४३ सेकंदांत, मध्ये दोनशे चालत. ४१ आले तरी चूक आणि ४५ आले तरी चूक. बाकीचे दिवस इतकं सावकाश धावायचं की धावता धावता माझ्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. रविवारी काही नाही. झोप.

हो, काही नाही म्हणजे खरंच काही नाही. तुझी नडगी दुखते हे तू माझ्यापासून लपवलंस, पण जिना उतरताना तू कठडा धरतेस हे मला दिसतं. काटोलकडे आमच्या काकांची संत्र्याची बाग आहे. मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. ताणाशिवाय फूल येत नाही. पण काका रोज सकाळी पानं बघत फिरायचे. जमीन हलकी की भारी यावर ताण किती दिवसांचा ते ठरायचं. एका वर्षी शेजारच्याने हौसेने ताण लांबवला तर फांद्या वाळल्या. तुझा ताण मोजणारं कोणी नव्हतं, ते काम आता माझ्याकडे दे.

गोळ्याचं मात्र सविस्तर लिहिते, कारण तिथेच तुझी गाडी अडली आहे. चार किलोचा गोळा म्हणजे काही फार नाही, तुमच्या दुकानातलं कागदाचं खोकं तू त्यापेक्षा जड उचलतेस. तू तो चेंडूसारखा फेकतेस. कोपर खाली येतं, गोळा खांद्यामागे जातो, आणि सगळा जोर मनगटावर. गोळा फेकत नाहीत, ढकलतात. तळहातावर ठेवू नको, बोटांच्या मुळाशी घे. मानेला, जबड्याच्या खाली चिकटवून ठेव, थंडगार लागतो, लागू दे. कोपर वर. उजव्या गुडघ्यात बस, आणि जोर तिथून सुरू कर: पाय, मग कंबर वळते, मग छाती, हात सगळ्यात शेवटी. हात शेवटी हे पाठच कर. पहिले पंधरा दिवस अंतर मोजायचंच नाही, फक्त कोपर खाली आलं की मी ओरडणार. त्यानंतर रोज वीस वेळा, आणि गोळा जिथे पडेल तिथे खडूची खूण. वहीत आकडा. सगळ्यात लांबचा एकच लिहायचा नाही हं, वीसच्या वीस.

शंभर मीटरसाठी सेमिनरी हिल्सचा चढ आहे, आठवड्यातून एकदा जाऊ. त्याबद्दल समोरच बोलू.

लेखीचं मी काय सांगणार, मी खेळाची बाई. पण हिशोब मलाही येतो. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. तुझे शेवटचे अकरा प्रश्न वाचायचेच राहिले असं तू म्हणालीस. मग मराठी व्याकरण पाचव्यांदा वाचून काय होणार? ते तुला येतं, म्हणून तू तेच उघडून बसतेस. नळ-टाकी आणि काळ-काम-वेगाची पानं कोरी करकरीत आहेत, मी पुस्तक चाळलं आहे तुझं. इथेही गोळाच मैत्रिणीकडे राहिला आहे.

परवा तुझे मामा म्हणत होते ना, "उमेश यादव बघ, पोलीस भरतीत जमलं नाही आणि कुठे पोचला." बरोबर आहे. खाणीत काम करणाऱ्या बापाचा खापरखेड्याकडचा मुलगा, २००८ मध्ये रणजी खेळला आणि २०११ मध्ये कसोटी, विदर्भाकडून खेळून तिथे पोचलेला पहिलाच. अभिमान आहेच. पण मामांना सांग, भरतीत राहिलेला प्रत्येक जण काही ताशी १४० ने चेंडू टाकत नाही. अशा गोष्टी ऐकून बरं वाटतं, त्यातून तुझा गोळा एक वीतभर पुढे जात नाही.

मला आपल्या गावची दुसरी गोष्ट जास्त कामाची वाटते. दिव्या देशमुख, २०२५ चा जुलै, बटुमी. बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकाची अंतिम फेरी, समोर कोनेरू हम्पी. मोठे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि सामना गेला जलद डावांवर. आता हम्पी म्हणजे त्या वेळची जलद बुद्धिबळाची जगज्जेती, आधीच्याच डिसेंबरात दुसऱ्यांदा झालेली. समोरची जिथे सगळ्यात भारी तिथेच जाऊन खेळावं लागलं, आणि एकोणीस वर्षांच्या पोरीने तिथे जिंकून दाखवलं. सगळ्यांनी फोटो बघितले ते तिच्या डोळ्यांतल्या पाण्याचे. मी मात्र विचार करत होते की घड्याळ पळत असताना डोकं थंड ठेवायची सवय तिने कुठे कुठे लावून घेतली असेल.

आता तुझा प्रश्न. माझ्या मते सोडू नको. पण "काहीही झालं तरी वर्दी घेणारच" असलं काही माझ्यासमोर म्हणू नको, मला त्याची भीती वाटते. आमच्या मैदानावर अशी मुलं आहेत, वयाची मर्यादा संपेपर्यंत धावत राहिली, आणि मग एक दिवस हातात ना पदवी, ना काम. खुल्या गटाला २८ पर्यंत, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत अर्ज भरता येतो, म्हणून तोवर भरतच राहायचं असं थोडंच आहे? तू बावीसची आहेस. अजून दोन भरत्या दे, पूर्ण ताकदीने. त्याच काळात मुक्त विद्यापीठातून बी.ए.चं राहिलेलं वर्ष पूर्ण कर. दुकान सोडू नको. शेठ सकाळी दहाऐवजी अकराला येऊ देतात का ते विचार. नाही म्हणाले तर मी येऊन बोलते, त्यांच्या मुलीला मी लंगडी शिकवली आहे. दोन भरत्यांनंतर आपण दोघी पुन्हा वही घेऊन बसू. आकडे पुढे सरकलेले असले तर तिसरी. नसले तर मी स्वतः तुला थांब म्हणेन, आणि तेव्हा माझा राग धरायचा नाही.

आईला काय सांगायचं, हेही तू विचारलं होतंस. खरं तेच सांग. लग्नाचा विषय दोन वर्षं थांबवा एवढंच मागायचं, जन्माचं काही मागायचं नाही. दोन वर्षांचा आकडा ऐकला की घरची माणसं जरा ऐकतात. आणि शेजारच्या काकूंना काहीच सांगू नको. गेल्या वेळी तू फॉर्म भरला त्याच दिवशी अख्ख्या गल्लीला कळलं होतं, निकालाच्या दिवशी त्याचाच त्रास झाला.

एक गोष्ट मात्र मला तुझ्याकडून समजून घ्यायची आहे, पत्रात नाही, भेटल्यावर. तुला पोलिसातच का जायचं आहे? मागे विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "वर्दी भारी दिसते." हे कारण वाईट नाही, मलाही ट्रॅकसूट भारी दिसायचा म्हणूनच मी खेळात आले. पण त्याच्याखाली अजून काहीतरी आहे असं मला वाटतं. दुकानात त्या दिवशी त्या म्हाताऱ्या बाईचा पेन्शनचा फॉर्म तू पैसे न घेता भरून दिलास आणि ज्या पोराने तिला रांगेतून ढकललं त्याला बाहेर काढलंस. तेव्हा तुझा आवाज वेगळाच होता.

मंगळवारी पहाटे पाचला ये, मैदानाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात. पाऊस लागला असेल तरी ये, चिखलात धावणार नाही, पण गोळा चिखलात चांगला रुततो, खूण शोधायला सोपी. तुझ्या मैत्रिणीकडचा गोळा राहू दे तिच्याकडे, मी शाळेतला माझा जुना घेऊन येते. तू एक फडकं, खडू आणि दोनशे पानी वही आण. बूट नवे घेऊ नको. तेच घालून ये, टाच कोणत्या बाजूने झिजली आहे ते मला बघायचं आहे.

तुझी,
पीटीच्या मॅडम