लेन्सआधी आंबोलीचा एक पावसाळा

ताई, सप्रेम नमस्कार.

मुलगी बारावी सायन्सला, तिला वन्यजीव छायाचित्रकारच व्हायचंय आणि त्यासाठी दीड लाखाची लेन्स हवी आहे, तिचे बाबा मात्र विचारतात, "छंद ठीक, पोटापाण्याचं काय?" तुमच्या पत्रातली ही काळजी रास्त आहे. पण ओघात तुम्ही लिहून गेलात की बेडकाचा फोटो काढताना ती भोवतीचा कातळ आणि पाऊस कधी सोडत नाही. माझं सगळं लक्ष त्या वाक्यावर खिळलं. प्राण्याला त्याच्या जागेसकट पाहणारी नजर चित्रकाराची असते. ती जपायला हवी.

मुंबईच्या नयन खानोलकरांचं एक छायाचित्र तिला दाखवा. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत २०१६ साली शहरी विभागात ते पहिलं आलं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगतच्या वस्तीत, रात्रीच्या गल्लीतून बिबट्या चालला आहे. फ्लॅशचा उजेड त्यांनी गल्लीतल्या नेहमीच्या दिव्यांसारखा ठेवला, बिबट्या सगळी चौकट व्यापणार नाही अशा बेताने कॅमेरा लावला आणि मनाजोगतं चित्र मिळायला चार महिने गेले. बिबट्याची वाट त्यांना ठाऊक होती, म्हणून ते साधलं.

म्हणून लेन्स आत्ता नको. तुम्ही सावंतवाडीत राहता, आंबोली तिथून जवळच आहे. तिथला आंबोली टोड हा छोटा बेडूक जगात फक्त त्याच परिसरात सापडतो. तिथल्याच हिरण्यकेशी नदीच्या कुंडातला मासा तर २०२० मध्ये नवी प्रजाती म्हणून जाहीर झाला आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैविक वारसा स्थळ ठरली. बारावीची परीक्षा झाली की वापरलेला कॅमेरा आणि साधी मॅक्रो लेन्स, म्हणजे लहान जीव अगदी जवळून टिपणारी, घेऊन द्या, आणि तिला पूर्ण पावसाळा एकाच डबक्यापाशी काम करू द्या. सोबत जाणतं माणूस हवंच. तारीख, पाऊस, बेडकांचा आवाज, सगळं वहीत टिपायचं. चांगल्या फोटोसाठी बेडूक उचलून सुंदर पानावर ठेवायचा नाही. या बाबतीत तुम्हीही कडक राहा.

पदवी सोडू नका. उपयोजित कलेत फोटोग्राफी शिकता येते, मुंबईच्या जे.जे. कलासंस्थेतही. तरी तिच्यासाठी मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. सुचवेन. रचना आणि प्रकाश ती हाताने शिकते आहेच, प्राण्याचं वागणं मात्र शिस्तीने शिकावं लागतं. शिवाय संशोधन प्रकल्पांत काम मिळालं तर जंगलात राहणं हीच नोकरी होते.

बाबांना स्पष्ट सांगा, नुसते फोटो विकून घर चालवणारे फार थोडे. बहुतेकांचं उत्पन्न कार्यशाळा, निसर्ग सहली, माहितीपट आणि संस्थांची कामं मिळून होतं, आणि त्यात जम बसायला काही वर्षं जातात. तोवर दुसरं काम धरावं लागलं तर त्यात कमीपणा नाही.

पावसाळा संपला की फोटो मला जरूर पाठवा. निवडून नकोत, त्या एका डबक्याचे सगळेच पाठवा.