बंगळूरला नव्यानं आलेल्या कोल्हापूरकराला

भावा, रंकाळा, खासबाग, तांबडा-पांढरा यांचा अभिमान जरूर सांग. पण कुणी प्रेमानं इडली खिलवत असताना मिसळीचं कौतुक काढू नकोस. तिखटाची तल्लफ आली की मिलिटरी हॉटेल, म्हणजे तिथली मांसाहारी खानावळ, गाठ. तिथं नाचणीचा ‘मुद्दे’, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, मटणाच्या सारात बुडवून, न चावता गिळायचा. पांढऱ्या रश्श्याची सर त्याला नाही, हे माझं ठाम मत, पण जेवण दणकट असतं. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते, तीही बघ. आणि परकं वाटून घेऊ नकोस: १६३८ मध्ये बंगळूर शहाजीराजांकडं जहागीर म्हणून आलं. त्यांची समाधी दावणगेरे जिल्ह्यात होदिगेरेला आहे, सुट्टी काढून जाऊन ये. कन्नड मात्र आजपासूनच शिकायला घे, रिक्षावाल्याशी बोलत बोलत.