आधी चार माणसं जोड

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र मिळालं. टीबीच्या शिबिरात हातात धरायच्या एक्स-रे मशीनबरोबरच्या एआयनं एका ऊसतोड मजुराच्या फिल्मवर टीबीच्या संशयाचा मोठा आकडा दाखवला. तुला तो जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण वाटला. थुंकीच्या तपासणीचा, ट्रूनॅटचा, रिपोर्ट यायच्या आत टोळी निघून गेली. मुकादमाची उचल घेतलेला माणूस तुझ्या रिपोर्टसाठी थांबणार कसा? आता तू विचारतोस, मशीनचं ऐकायचं की आपल्या डोळ्यांचं, आणि त्यासाठी कोणता ऑनलाइन कोर्स करू.

कोर्स करायचा तर कर. पण एवढ्या लांब पत्रात एकाही सहकाऱ्याचा उल्लेख नाही, याचा मला राग आला. शेजारच्या पीएचसीतल्या (प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या) डॉक्टरकडेही असंच शिबिर झालं, तिलाही हाच प्रश्न पडला असणार. तिला फोन केलास? लेकरा, हे एकट्यानं शिकू नकोस.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये 15 वर्षं आणि त्यापुढच्या लोकांच्या टीबी तपासणीत माणसाऐवजी सॉफ्टवेअरनं फिल्म वाचली तरी चालेल असं सांगितलं. ते चाळणीपुरतं. रोगाची खात्री थुंकीच्या तपासणीनं करायची असते, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. खरी अडचण पुढे आहे. किती आकड्याच्या वर थुंकी मागायची, ती रेघ ज्या-त्या भागात तपासून आखावी लागते. पूर्वी टीबी होऊन गेलेल्यांत आणि म्हाताऱ्या माणसांत ही सॉफ्टवेअरं खोटा इशारा जास्त देतात. तुझ्या भागात असे किती लोक आहेत, कितीजण दरवर्षी कारखान्यावर जाऊन मार्च-एप्रिलमध्ये खोकत परततात, हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला कुठून माहीत असणार? आणि तुझ्या एका पीएचसीच्या मूठभर फिल्मवरून तुलाही ते कळणार नाही. पाच पीएचसींच्या वह्या एका टेबलावर आल्या, मशीन काय म्हणालं, डॉक्टर काय म्हणाला आणि थुंकीत काय निघालं हे तिन्ही शेजारी-शेजारी मांडलं, तर रेघ कुठे चुकते ते दिसायला लागेल. म्हणून म्हणते, एकट्यानं नको.

त्या टेबलावर फक्त डॉक्टर बसवू नकोस. एक्स-रे टेक्निशियन हवा, लॅब टेक्निशियन हवा, टीबी सुपरवायझर हवा, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) हवी, आणि पेशंटला शिबिरापर्यंत आणणारी आशाताई तर हवीच. थायलंडमध्ये मधुमेहींचे डोळे तपासणारं गूगलचं सॉफ्टवेअर प्रत्यक्ष दवाखान्यांत गेलं तेव्हा काय झालं, ते 2020 मध्ये छापून आलं. प्रयोगशाळेत उत्तम चाललेल्या त्या सॉफ्टवेअरनं पाचांतला एक फोटो वाचायलाच नकार दिला, कारण खोलीत उजेड नीट नव्हता. जोडीला इंटरनेट रेंगाळायचं. हे सगळं सोसलं फोटो काढणाऱ्या नर्सनी. तुझ्याकडे पेशंटनं श्वास नीट धरला की नाही, उजेडात पडद्यावर काय दिसलं, हे टेक्निशियनला माहीत असतं. त्याला विचारलंस का कधी?

अजून एक, आणि यात मी तडजोड करणार नाही. आधी फिल्म स्वतः वाच, वहीत लिही, मग आकडा बघ. पोलंडमध्ये कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांचा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. एआय हाताशी आल्यानंतर ज्या तपासण्या त्यांनी एआयशिवाय केल्या, त्यांत गाठी सापडण्याचं प्रमाण 28.4 टक्क्यांवरून 22.4 टक्क्यांवर आलं. ती मुरलेली माणसं होती. तू तर आत्ता कुठे सक्तीच्या सरकारी सेवेच्या बॉण्डवर आला आहेस. तुझा डोळा तयार होण्याआधीच आकड्याला सवयीनं मान डोलवायला लागलास, तर मशीन बंद पडेल त्या दिवशी काय करशील? आणि एकट्या माणसाची ही शिस्त टिकत नाही. ओपीडीत शंभर माणसं उभी असली की ती पहिल्यांदा सुटते. महिन्याअखेरीस कुणीतरी वही मागणार आहे, हे माहीत असलं तरच टिकते.

मला हट्टी म्हणतात. म्हणोत. माझी सुरुवातीची वर्षं अशा पीएचसीत गेली, जिथे ईसीजी कळला नाही तर विचारायला कुणी नव्हतं. मग 1993 चा भूकंप झाला. किल्लारीकडच्या तंबूत कुठकुठले डॉक्टर आणि सिस्टर दिवसभर काम करून रात्री एकेका पेशंटवर बोलत बसायचे. माझं खरं शिक्षण तिथे झालं. पुढे ग्रामीण रुग्णालयात मी दर आठवड्याला तशी बैठक लावली, सिस्टर आणि टेक्निशियनसकट. एका वरिष्ठांनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘ही काय भिशी आहे का?’ मी बैठक बंद केली नाही. त्यावरून संबंध बिघडले, बढती लांबली, तरी आजही मला वाटतं की माझंच बरोबर होतं. माझ्या बदलीनंतर ती कुणी चालवली नाही, ही खंत मात्र जात नाही. कदाचित म्हणूनच तुझ्यावर एवढी चिडते आहे.

वेळ नाही, असं मला लिहू नकोस. तालुक्याच्या मासिक बैठकीला सगळे येतातच. आकडे भरून झाले की अर्धा तास थांबा. ज्या फिल्मवर तुझं आणि मशीनचं जुळलं नाही त्या घेऊन जा, आणि पहिली तुझीच मांड, म्हणजे बाकीच्यांची भीड चेपेल. व्हॉट्सॲपवर फिल्म टाकणार असाल तर कोपऱ्यातलं नाव आणि नंबर झाकल्याशिवाय टाकू नका. आयसीएमआरच्या 2023 च्या एआयविषयक मार्गदर्शक तत्त्वांत गोपनीयता आहे, पण तत्त्वं नसती तरी आपल्या गावातल्या माणसाचा आजार आपण चव्हाट्यावर आणला नसता.

त्या मजुराचं अजून राहिलंच. आशाताईला विचार, टोळी कोणत्या कारखान्यावर उतरली ते तिला माहीत असेल. त्याचा निक्षय आयडी (सरकारी टीबी नोंदणीतला नंबर) आणि ट्रूनॅटचा रिपोर्ट घेऊन तिथल्या टीबी सुपरवायझरला आजच फोन लाव. हे झाल्यावर मला लिही.

तुझी,
मॅडम