दोष दप्तराचा नाही

प्रश्न : मुलगी १२ वर्षांची आहे. फ्रॉकचं माप घेताना तिचा उजवा खांदा वर दिसला. एक्स-रेत 'स्कोलिओसिस, २२ अंश' आलं, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकलाय म्हणे. दुखत काहीच नाही. दप्तर एकाच खांद्याला अडकवते, त्यामुळे झालं का? मालिशने पाठ सरळ होईल? – एक आई

उत्तर : ताई, आधी दप्तराला सोडा. एक बाबा तर माझ्याकडे दप्तराचं वजन करून, आकडा लिहूनच आले होते! दप्तराने खांदे दुखतील, स्कोलिओसिस होत नाही. पोक काढून बसण्यानेही नाही. या वयात बहुतेकींमध्ये कारण सापडतच नाही. तेव्हा "सरळ बस" हा जप आजपासून बंद.

तिला पावलं जुळवून, गुडघे ताठ ठेवून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाठीच्या पातळीवर डोळे आणून बघा. एका बाजूच्या बरगड्या उंचवट्यासारख्या वर आलेल्या दिसतील. मणके नुसते बाजूला कलत नाहीत, पिळलेल्या फडक्यासारखे स्वतःभोवती फिरतात आणि बरगड्यांनाही फिरवतात. हा पीळ मालिशने सुटत नाही.

१० अंशांच्या आत असेल तर आम्ही स्कोलिओसिस म्हणतही नाही. २२ म्हणजे लक्ष ठेवण्याजोगा बाक. पण तुम्ही सगळ्यात महत्त्वाचं लिहिलंच नाहीत : पाळी सुरू झाली का? पाळीच्या आधी उंची झपाट्याने वाढते आणि बाक वाढण्याचा धोकाही तेव्हाच जास्त. अजून आली नसेल तर ४ ते ६ महिन्यांनी पुन्हा एक्स-रे, तोही उभं राहूनच. मोजणीत ५ अंश इकडेतिकडे होतात, तेव्हा पुढे २५ दिसले म्हणून लगेच घाबरू नका.

बाक खरोखर २५च्या पुढे गेला आणि वाढ शिल्लक असेल, तर ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचा कडक पट्टा. तो पाठ सरळ करण्यासाठी नसतो, बाक वाढू नये म्हणून असतो. दिवसाचे १८ तास वगैरे घालावा लागतो. कपाटात ठेवलेला ब्रेस काही करत नाही. ऑपरेशनचा विषय साधारण ४५-५० अंशांना निघतो, आज तो काढूच नका. पोहणं, नाच, खेळ सगळं चालू द्या.

रात्री झोपमोड करणारं दुखणं, पायात बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काही दिसलं तर मात्र लगेच दाखवा.

तोवर महिन्याला एकदा दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने उंचीची खूण करा. पुढच्या तपासणीला ते आकडे आणि जुना एक्स-रे, दोन्ही न्या.